रागाच्या भरात

सुदर्शन माणूस सोन्यासारखा, फक्त डोकं गरम. रागाच्या भरात बोलतो, पोटात काही नसतं, असं सांगून सांगून सगळे दमले. पण प्रेरणा खुलताबादला माहेरीच बसली. मेंदूच्या ट्रेनिंगनं राग उतरवा, मगच नांदायला येते, अशी तिची अट. म्हणून आज तो जालना रोडवरच्या सेंटरात डोक्याला तारा चिकटवून बसला होता, आणि ती मागच्या खुर्चीत. मेंदू शांत झाला की पडद्यावरचं तळं उजळणार, तापला की काळवंडणार.

पडदा: काळा.

"मन सैल सोडा सर," सेंटरच्या मेघा मॅडम म्हणाल्या.

पडदा: काळाच.

प्रेरणाला कीव आली. बिचारा खरंच आतून जळतो की काय! ती हळूच म्हणाली, "अहो, लांब श्वास घ्या ना."

"तू शिकवणार मला? बारावी नापास!" तो मान न वळवता म्हणाला. "तुझ्या बापाकडून म्हैस आणली असती, तर दूध तरी दिलं असतं तिनं."

मेघा मॅडमची नजर खाली गेली. प्रेरणाचे डोळे भरले.

पडदा: त्याच्या बोलण्यासरशी लख्ख. तळ्यावर ऊन, काठाला बगळा.

"इतका शांत सिग्नल... आज पहिल्यांदाच आला," मेघा मॅडम चाचरत म्हणाल्या. "पुढची तारीख देऊ?"

प्रेरणानं एकदा तळं पाहिलं, एकदा नवरा.

"कशाला, मॅडम?" ती म्हणाली. "ह्याला राग येतच नाय."