चुटकीएवढा उशीर

मोनालीने स्क्रीनवरची ती जागा आणखी मोठी केली. कालपर्यंत जिथे एकच रेघ दिसायची, तिथे आता दोन होत्या. पहिलीवर लिहिलं होतं, 'हात दिसला'. दुसरीवर, 'मोटर बंद'. आणि दोन्हींच्या मध्ये चांगली ऐसपैस जागा होती.

प्रोसेसर कोणत्या क्षणी काय करतो याची नोंद ठेवणारं तिचं टूल आजवर पाव सेकंदाच्या मापाने चालायचं. पाव सेकंदाच्या आत जे काही घडेल, ते त्याच्या लेखी एकाच वेळी घडलेलं. तीन आठवडे मान मोडून तिने ते प्रोसेसरच्या स्वतःच्या ठोक्यांवर आणून ठेवलं होतं. आता सेकंदाचा लाखावा भागही निसटत नव्हता. कोणाला तरी कौतुकाने दाखवावं असं तिच्या मनात होतं, आणि दाखवण्यासारखं निघालं ते हे.

मशीन केळीच्या खोडापासून धागा काढणारं. बाईने खोडाची साल रोलरमध्ये सरकवायची, हात फार पुढे गेला तर सेन्सरने ओळखायचं आणि रोलर थांबवायचा. मधल्या त्या ऐसपैस जागेत प्रोसेसर काय करत होता, तेही आता ओळीने दिसत होतं. तो मशीनवरच्या छोट्या पडद्यावर एकेक अक्षर काढत बसला होता. 'आपकी सुरक्षा, हमारी ज़िम्मेदारी.' खाली मालकांचं, विनायकभाऊंचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. सगळं सुवाच्य लिहून झालं की मग मोटर बंद. एकशे ऐंशी मिलीसेकंद. तेवढ्यात रोलर दीड फेरा मारतो.

पडद्यावर लिहायला सांगणारी ती ओळ प्रोग्रॅममध्ये मोटर बंद करण्याच्या ओळीच्या वर तिनेच घातली होती. मोटर आधी बंद केली तर पडदा लुकलुकतो, पाहुण्यांना नाव नीट दिसत नाही, असं विनायकभाऊ म्हणाले आणि हिने मान डोलावली. टूलने 'उशीर: शून्य' दाखवलं, हिचं समाधान झालं. मागच्या महिन्यात धुरपदाबाईंच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाची दोन पेरं गेली, तेव्हा तोच शून्य छापून हिने सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "मशीन तर लगेच थांबतंय मावशी. तुम्हीच हात उशिरा काढला." तेव्हापासून धुरपदाबाई मशीनवर नव्हत्या, शेडमध्ये झाडू मारत होत्या. स्वतःची इतकी किळस मोनालीला कधी आली नव्हती.

दारात टेम्पो उभा होता. चार मशिनी चढवून ताडपत्री बांधून झाली होती. चार वाजता पाहुणे झेंडी दाखवणार आणि मशिनी गावोगावच्या बचत गटांकडे निघणार. मशीन कसं थांबतं हे पाहुण्यांना दाखवायचं होतं, विनायकभाऊ शेडमधल्या मशीनवर त्याचीच तालीम करत होते. हात म्हणून ते दर वेळी पिकलं केळं घालायचे. दर वेळी केळ्याचं टोक चेंदून बाहेर यायचं आणि थोडं तर लागतंच म्हणून सगळे हसायचे. मोनालीही हसायची.

"भाऊ, चारही मशिनी उतरवा," ती म्हणाली. "एक ओळ खाली घ्यायची आहे. दर मशीनला दहा मिनिटं लागतील."

भाऊंनी चष्मा कपाळावर चढवून तिच्या लॅपटॉपमध्ये पाहिलं. "हे एकशे ऐंशी काय?"

"मिलीसेकंद."

"म्हणजे सेकंद पन नाही पूरा. बेटा, जुन्या टूलवरून काढ ना रिपोर्ट. त्यात शून्य येत होतं."

"शून्य नव्हतं भाऊ. दिसत नव्हतं."

"तर मग दाखवायची काय गरज पडून राहिली? पुढच्या लॉटमध्ये करून टाकू. पक्का." हातातल्या केळ्याचा चेंदलेला भाग त्यांनी मोडून कोपऱ्यात फेकला आणि उरलेलं केळं खाल्लं. चांगलं चवीने खाल्लं.

 मोनालीने लॅपटॉप बगलेत मारला, केबल उचलली आणि ती टेम्पोकडे निघाली.

"गाडी खुलणार नाही, मोनाली," भाऊ मागून म्हणाले. "पाहुणे निघाले आहेत तिकडून."

 ताडपत्रीच्या दोरीच्या गाठी पक्क्या होत्या आणि तिच्या बोटांना सुटत नव्हत्या. कोपऱ्यातला केळ्याचा गाळ झाडून धुरपदाबाई तिच्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"काय झालं व पोरी?"

"मावशी, उशीर तुम्ही केला नव्हता. मशीनने केला. मी त्या दिवशी खोटं सांगितलं. सगळ्यांसमोर."

धुरपदाबाईंनी झाडू दुसऱ्या हातात घेतला. "घरीबी सारे हेच म्हने. म्हातारी सुस्त झाली. मलेबी तसंच वाटे." मग त्यांनी विचारलं, "किती उशीर केला त्यानं?"

 मिलीसेकंद हा शब्द काही मोनालीच्याने या बाईसमोर काढवेना.

"चुटकी वाजते ना मावशी, तेवढाच."

धुरपदाबाईंनी उजवा हात वर केला आणि चुटकी वाजवून पाहिली. अंगठा थोट्या बोटावरून नुसता घसरला. त्यांनी पुन्हा एकदा वाजवली. आवाज आला नाही.

"तेवढाच," त्या म्हणाल्या. मग झाडू टेम्पोच्या चाकाला टेकवून ठेवला आणि डाव्या हाताने गाठ सोडायला घेतली.