तीन रायफलींत जग

"जगभर शिकार करायची तर तीन रायफली पुरतात," विष्णुकाका म्हणाले. "चौथी घेतो तो शिकारी नव्हे, हौशी."

यतीनने मान डोलावली. जन्मात अंडंही न खाल्लेला हा माणूस आठवडाभर व्हिडिओ बघून शिकारी झाला होता. अ‍ॅशबर्नच्या डेटा सेंटरमधली नोकरी, नुकतंच मिळालेलं अमेरिकेचं नागरिकत्व, आणि आता म्हणे आधी अलास्का, मग आफ्रिका. थाप काकांच्या मुलीची, नीलाची होती. मारायचं काम यतीनकडे.

नीलाला वडिलांच्या बंदुका घराबाहेर हव्या होत्या. शैलजाकाकू गेल्या वर्षी गेल्या. नीलाची नोकरी सुटली, ती वडिलांकडे राहायला आली, आणि हिवाळ्यापासून काका विसरायला लागले. गॅस चालू राहायचा. मागचं दार सताड उघडं. परवा तर त्यांनी नीलाला 'शैलजा' म्हणून हाक मारली. अशा घरात बंदुका नकोत, हे कुणालाही पटावं. पण चाळीस वर्षं शिकार केलेल्या माणसाला, तुमचं डोकं चालत नाही, बंदुका द्या, असं सांगणार कोण? म्हणून नीलाने कॉलेजातला मित्र पुढे केला. तो सल्ला मागेल, काका खुलतील, आणि खुललेला म्हातारा हातचं राखत नाही, असा तिचा हिशेब.

हिशेब बरोबर निघाला होता. बेसमेंटमधलं लोखंडी कपाट उघडं होतं. चावी नीलानेच आणून दिली. कुठे ठेवलीय ते काकांना आठवेना.

"ही टू-सेव्हंटी. डोंगरातल्या रानमेंढ्यांसाठी. गोळी सरळ जाते, लांब जाते. ही थर्टी-ऑट-सिक्स. एल्क, मूस, कुडू, असलं थोराड हरीण काय वाट्टेल ते. आणि हिचं काडतूस कुठल्याही खेड्यात मिळतं. विमानात सामान हरवलं की कळतं त्याचं मोल."

"माझं नेहमी हरवतं," यतीन म्हणाला.

"मग हीच ने. लॅरामीला शिकत होतो तेव्हा घरमालकाने दिली. पहिलं एल्क हिनेच पाडलं. शैलजाने त्याचं सावजी केलं. घरमालक डोळे पुसत जेवला आणि म्हणाला, अजून वाढा." काका हसले. मग रायफलीच्या लाकडावरून हात फिरवत बसले. "तो गेला, ती गेली. ही अजून नेमकी आहे."

तिसरी जाडजूड होती. थ्री-सेव्हंटी-फाइव्ह, मोठं अस्वल आणि आफ्रिकेतली रानम्हैस यांच्यासाठी.

"तुम्ही म्हैस मारली?"

"ही टांझानियापर्यंत नेली आणि तशीच परत आणली. म्हैस समोर आली आणि मला चाप ओढवेना. शैलजा म्हणाली, बरं झालं, म्हशीचा जीव वाचला आणि आपला फ्रीजर."

नीला पायरीवर बसली होती. दुपार कलली तरी रात्रीच्याच कपड्यांत. हातातला चहा गार झालेला. बापाच्या काळजीने पोरगी अर्धी झाली, असं यतीनच्या बायकोचं मत होतं.

तीन झाल्या. यतीनला वाटलं, उरलेल्यांचा विषय आता कसा काढावा? पण तीन पुरे म्हणणारे काका स्वतःच चौथी काढत होते.

"ही पॉइंट टू-टू. सशांना. हात बसवायलाही बरी. आणि काडतुसं सगळी ने. डबे, सुटी, ड्रॉवरमधली. एकही मागे ठेवू नको."

"सगळी?"

"अरे, मला आता काय करायचीत?"

यतीनने नीलाकडे पाहिलं. काम फत्ते, असा डोळ्यांनीच निरोप दिला. तिने मान खाली घातली.

कपाटात एकच उरली होती. हलकी, आखूड, पट्ट्यावर हाताने केलेलं भरतकाम.

"टू-फोर्टी-थ्री," काका म्हणाले. "शैलजाची. धक्का कमी बसतो. हरणाला हीच."

"बाबा, ती राहू दे ना," नीला एकदम म्हणाली. "आईची आहे."

यतीनला गलबलून आलं. सगळं घराबाहेर काढायला निघालेली मुलगीच शेवटी विरघळली होती. त्याने हात मागे घेतला. "काका, राहू द्या. ही नसली तरी चालेल मला."

"नाही चालणार." काकांचा आवाज चढला. "हिच्याशिवाय सेट पुरा होत नाही. घे म्हणतो ना!"

म्हाताऱ्यापुढे कोण बोलणार? पाचवीही गाडीत गेली. लीसबर्गच्या दुकानात जाऊन सगळ्या रीतसर नावावर करायच्या होत्या, म्हणून काकाही शेजारी बसले. नीला दारातच उभी राहिली.

यतीन खुशीत होता. आपण इतका बेमालूम अभिनय करू शकतो, हे त्याला आजच कळलं होतं.

"रूट सेव्हनला काम चालू आहे," काका म्हणाले. "पुढच्या सिग्नलला डावीकडे घे. तुझ्या लेकीच्या, कादंबरीच्या बारशाला आलो होतो, त्याच रस्त्याने. तेव्हा हॉल मिळाला नव्हता, तुमच्या गॅरेजमध्ये पंगत घातली होतीस."

यतीनने डावीकडे वळवलं आणि गाडी कडेला थांबवली.

"काका, तुम्हाला हे आठवतं?"

"मला सगळं आठवतं. विसरणं सोपं नसतं रे. गॅस आठवणीने चालू ठेवावा लागतो, आणि वर त्याच्यावर लक्षही ठेवावं लागतं."

"मग हे सगळं कशाला?"

काका समोरच्या काचेकडे बघत बोलू लागले.

"हिवाळ्यातली गोष्ट. भर दुपारी नीला कपाट उघडून खाली बसली होती. आईची रायफल मांडीवर, काडतुसांचा डबा शेजारी. मी जिन्यावर होतो, तिला दिसलो नाही. काय बोलावं सुचेना. मागच्या पावली वर गेलो आणि स्वयंपाकघरातून ओरडलो, नीला, चहा कसा करतात गं, मला आठवतच नाहीये. धावत वर आली पोर. तेव्हापासून विसरतोय."