शेपटीचा फोटो
हिंदूराव रुग्णालयाच्या मागे, रिज टेकडीवरच्या जंगलात शामा गात होता. हा गाणारा पक्षी दिल्लीत सहसा दिसत नाही. मोतीबिंदूमुळे काकासाहेबांना फांदीसुद्धा दिसत नव्हती, पण आवाज त्यांनीच ओळखला. दुर्मीळ पक्ष्याच्या नोंदीला पुरावा हवा, म्हणून त्यांची शिष्या समता फोटो काढत होती. स्क्रीनवर तो मोठा करताच ती थबकली. शेपटीची टोकं झिजली होती, पिंजऱ्याच्या तारांवर घासून झिजतात तशी. पिंजऱ्यातून सुटून आलेला पक्षी नोंदीत धरत नाहीत. “फोटोत शेपटी आली?” काकासाहेबांनी विचारलं. “नाही काका, पानांआड गेली.” “झिजलीय ना?” समतानं कॅमेरा खाली घेतला. “शामा ऐकलेले आवाज उचलतो. हा गाताना मध्येच पिंजऱ्याच्या दाराची करकर काढतोय.” “मग आधी का नाही बोललात?” “म्हटलं, डोळ्यांसारखे कानही गेले असतील तर बरं.” शामा पुन्हा गायला लागला. करकर आता समतालाही ऐकू आली.