डावी कळी

उजवी कळी पडली तर पायऱ्या फुटणार, डावी पडली तर भिकू पुण्याला परत जाणार. गेणबा गुरवानं देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "भैरोबा, भिकूच्या गाडीसाठी तुझ्या पायऱ्या फोडू का? व्हय असंल तर उजवी दे, न्हाई असंल तर डावी."

सगळा गाव कळ्यांकडं बघत बसला. रंभाबाई खांबाला धरून उभी होती. तिचा भिकू खाली, पायऱ्यांच्या तळाशी, चाकाच्या खुर्चीत. पासष्टच्या लढाईत दोन्ही पाय देऊन आलेला. गावाची बैठक असो, भजन असो, नुसत्या गप्पा असोत, सगळं वर देवळात. आणि हा तरणाताठा गडी खालून मान वर करून ऐकायचा. पायऱ्यांच्या जागी उतार झाला तरच त्याची गाडी वर चढणार होती. परवा म्हणालाच, "आये, असं कुत्र्यावानी खाली बसायचं असंल तर पुण्यात जखमी जवानांचं वसतिगृह काय वाईट हाय?"

हैबतराव पाटील तसे वाईट नव्हते, पण हट्टाला पेटले की ऐकायचे नाहीत. गेल्या बैठकीत ते म्हणाले होते, "वाडवडलांनी रचलेल्या पायऱ्या फोडायच्या? त्यापरीस चौघं त्याला उचलून आणतील की!"

खालून भिकूचा आवाज आला होता, "चौघांच्या खांद्यावर माणूस एकदाच जातो, पाटील. मला अजून येळ हाय."

वाद मिटेना. म्हणून तर कौल लावायचं ठरलं होतं.

उजवी कळी जराशी सरकली. रंभाबाईचे हात आपोआप जोडले गेले. सरकली आणि थांबली. अन् डावी टपकन खाली पडली.

झालं! देवाच्या शब्दापुढं कोण बोलणार? गेणबानं मान खाली घातली. भिकूनं गाडी वळवली. "आये, सामान बांध. दुपारच्या यष्टीनं पुण्याला जातो."

रंभाबाईला देवाचा राग आला. लई राग आला. ती ताडताड पायऱ्या उतरली, भिकूकडं न बघताच सडकेकडं निघून गेली. बिचारी रडायला गेली, असंच सगळ्यांना वाटलं. पाटलांनाही वाईट वाटलं, ते फेटा सारखा करत उगाच इकडंतिकडं बघू लागले.

रंभाबाई परत आली ती डोक्यावर मुरमाचं घमेलं घेऊन. सडकेच्या कामावरच्या ढिगातलं. कुणाला काही कळायच्या आत तिनं ते खालच्या पायरीवर पालथं केलं. धुरळा उडाला.

"रंभावैनी!" पाटील ओरडले. "देवाचा कौल मोडताय?"

"कोन मोडतंय?" रिकामं घमेलं कमरेवर घेऊन ती पुन्हा सडकेकडं वळली. "देवानं पायऱ्या फोडू नगा म्हनलं. पुरू नगा असं कुटं म्हनलं?"