चौथा पेशंट

१९८३ साल. डॉ. पद्मिनीचा दवाखाना ज्या गावात होता, तिथल्या कारखान्यात रणगाडे भेदणाऱ्या गोळ्यांसाठी युरेनियम लेथवर कातलं जाई. हे युरेनियम 'डिप्लीटेड', म्हणजे किरणोत्सर्ग कमी असलेलं आहे, त्यामुळे त्यात धोका नाही, असं कंपनी सांगे. पण तिथल्याच तिसऱ्या कामगाराच्या मूत्रपिंडानं दगा दिला, तेव्हा पद्मिनीनं टाउन हॉलच्या सभेत बोलायचं ठरवलं.

"कॅन्सल कर," नवरा श्रीरंग म्हणाला. तो त्याच कारखान्यात इंजिनिअर होता. "माझा जॉब जाईल. मग घर, मुलीची शाळा, सगळं कसं मॅनेज करायचं?"

"तू येऊ नकोस," ती म्हणाली आणि एकटीच गाडी काढून गेली.

सभेत ती न अडखळता बोलली. युरेनियम कातताना उडणारी धूळ श्वासातून आत जाते आणि मूत्रपिंडांना इजा करते, हे तिनं समजावून सांगितलं. कंपनीचा माणूस मंद हसला. "डॉक्टर, एका तरी कामगाराचं नाव सांगा."

पेशंटचं नाव चारचौघांत घेणं तिच्या पेशात बसत नव्हतं. समोर बसलेले तिचे तिन्ही पेशंट खाली बघत होते. त्यांनाही घरं होती.

"नाव सांगणार नाही," ती म्हणाली, "आणि खालीही बसणार नाही."



तेवढ्यात मागच्या दारातून श्रीरंग आत आला, तिच्या शेजारी माइकपाशी उभा राहिला आणि दोन महिने बायकोपासून लपवलेला स्वतःचा लघवीचा रिपोर्ट मोठ्यानं वाचू लागला.