एका शब्दाचं काम

“येशू हाच एकमेव सत्य. मानतेस ना?” शांतवन मास्तरांनी विचारलं.

परळच्या मराठी चर्चमागच्या खोलीत दृढीकरणाआधीची तोंडी परीक्षा चालली होती. टेबलापलीकडे पाळकसाहेब, शांतवन मास्तर आणि संडे स्कूलच्या कांताबाई. समोरच्या बाकावर एकटी अक्षता, कांताबाईंची नात. हो म्हटलं की रविवारी दृढीकरण, म्हणजे चर्चची पक्की सभासद, आणि मग सगळ्यांबरोबर प्रभुभोजन घ्यायला मोकळी. पांढरी साडी इस्त्री होऊन आली होती, नगरचे पाहुणे निघालेसुद्धा होते. आणि ही पोरगी तोंडाला कुलूप लावून बसलेली! कांताबाईंनी डोळ्यांनीच दटावलं, बोल की गं.

“मास्तर, येशूवर माझा विश्वास आहे. रोज प्रार्थना करते,” अक्षता म्हणाली. “पण माझी मैत्रीण दीपिका विहारात जाते. पप्पा हॉस्पिटलात होते तेव्हा तीच उशाशी बसून असायची. तिचं सगळं खोटं नि आपलंच तेवढं खरं, असं नाही म्हणवत मला. खरंच माहीत नाही.”

“झालं!” मास्तरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. रागावण्यापेक्षा ते खचलेच होते; त्यांचे दोन्ही मुलगे चर्चची पायरी चढत नव्हते. “आजकाल सगळ्या पोरांचं हेच. ज्याचं त्याचं सत्य वेगळं. अगं, सत्य असं माणसागणिक बदलायला लागलं, तर अडीअडचणीला धरायचं कशाला?”

“वेगळं कुठे म्हणतेय मी? माहीत नाही म्हणतेय.”

पाळकसाहेबांना हसू आलं. “बाळ, नुसतं हो म्हणाली असतीस, तर आम्हाला काय कळणार होतं?”

“सकाळी मला तेच सांगितलं होतं. एका शब्दाचं काम आहे, हो म्हणून टाक, वाद नंतर घाल. पण सर, देवाच्या घरात खोटं कसं बोलू?”

“हे असलं शिकवलं कोणी?” मास्तर कडाडले.

अक्षताने मान खाली घातली. नाव काही घेईना.

कांताबाईंची कानशिलं तापली. खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा त्यांनी या चर्चच्या किती पोरांकडून घोकून घेतली होती! अक्षताला तर मांडीवर बसवून शिकवली होती. आणि आता तीच आजीला सांभाळून घेत होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना. पण त्या लाजेतही नातीचं असं काही कौतुक दाटून आलं की डोळे भरले.

खुर्ची मागे सारून त्या उठल्या. टेबलाला वळसा घालून बाकावर अक्षताच्या शेजारी जाऊन बसल्या, पदर नीट केला.

“मी शिकवलं, मास्तर,” त्या म्हणाल्या. “आता आधी मला विचारा.”