लेवकाकांना वन्समोअर

"वन्समोअर!" मागून उल्हास ओरडला आणि लेवकाकांचा चेहरा पडला.

ॲन आर्बरच्या एका शाळेचा हॉल. मराठी मंडळाची दिवाळी, साल २००५. पियानो भिंतीला टेकवलेला, म्हणजे वाजवणाऱ्याची पाठ लोकांकडे. लेवकाका रशियात सिनेमांना म्युझिक द्यायचे. मुलीकडे अमेरिकेत येऊन अकरा वर्षं झाली, एकदाही कोणी 'वाजवा' म्हणालं नव्हतं. शेजारच्या सुमित्राकाकूंनी आग्रह करून आणलं. "आज नाही जमलं तर पियानो बंद. कायमचा," असं ते गाडीतच म्हणाले होते.

काकू पानं उलटायला बाजूला बसल्या होत्या. जेवणाची व्हॅन हायवेवर बर्फात अडकलीय, हे त्यांना ठाऊक होतं. सेक्रेटरी उल्हासने सगळ्यांच्या कानात सांगितलं होतं, "यार, छोले येईपर्यंत काकांना थांबू द्यायचं नाही. वन्समोअर देत राहा."

लेवकाकांनी तीच धून जरा जोरात वाजवली. "वन्समोअर!" मग फास्ट. "वन्समोअर!" चौथ्यांदा तर मिलिटरी बँडच झाला. पोरं खुर्च्यांवर चढून नाचली. "वन्समोअर!"

"सुमित्रा," मान पुसत ते इंग्लिशमध्ये पुटपुटले, "स्टुडिओत डायरेक्टर 'परत एकदा' म्हणाला की समजायचं, चुकलं. जमलं की सगळे गप्प. आता अजून काय बदलू?"

"अहो, आमच्यात वन्समोअर म्हणजे..." काकू अडखळल्या. सांगणार काय? आवडलं म्हणून, की छोले आले नाहीत म्हणून? "काही बदलू नका. तुम्हाला हवं ते वाजवा."

लेवकाकांनी कागद मिटले. "हे सिनेमातून काढून टाकलं होतं," ते म्हणाले. "लहानपणी आई चौथ्या मजल्यावरून जेवायला हाक मारायची. ती हाक." आणि अगदी हळू वाजवायला लागले.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. छोले आले. उल्हासने नुसता हात केला. दीडशे माणसं चोरपावलांनी निघाली. मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच लोक आवाज न करता जेवायला गेले.

शेवटचा सूर विरला. हॉल चिडीचूप.

लेवकाका भिंतीकडेच बघत राहिले. डोळे वाहत होते.

"ऐकलंस? कोणी काही बोललं नाही. जमलं!"

काकूंना आज पहिल्यांदाच मनापासून वन्समोअर द्यावासा वाटला. त्यांनी तोंडावर पदर घट्ट दाबून धरला.